आधी चहा, मग सही

आमच्या नात्यागोत्यात पैशाच्या बाबतीतला जाणता माणूस म्हणजे मी. ही पदवी मला कुणी विचार करून दिलेली नाही. मी एका सरकारी कचेरीत कारकून आहे, मला इंग्रजी वाचता येतं, आणि कागद हातात आला की मी कपाळावरचा चष्मा सावकाश नाकावर आणतो. एवढ्या भांडवलावर ती मिळाली. कुणी बँकेचा, विम्याचा, पतपेढीचा कागद घेऊन आला की मी तो वरून खाली बघतो, उलटतो, मागची कोरी बाजूही नीट बघतो आणि म्हणतो, "हं."

या 'हं'वर लोकांनी रिक्षा घेतल्या, प्लॉट घेतले, एका चुलतभावानं तर म्हशी घेतल्या. पुढं कुणाचं बरं झालं, कुणाचं वाईट. पण 'हं' म्हणजे हो की नाही, हे कुणी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यामुळं माझं नाव टिकून राहिलं.

खरं सांगायचं तर त्या कागदांवरचे निम्मे शब्द मला ओळखीचे वाटतात, पण कळत नाहीत. गल्लीतल्या एखाद्या माणसाशी वीस वर्षं मान हलवून नमस्कार करावा आणि त्याचं नाव ठाऊक नसावं, तशी माझी आणि 'सरेंडर व्हॅल्यू'ची ओळख. आता इतक्या वर्षांनी नाव विचारायचं तरी कसं?

मात्र मला संशय भरपूर येतो. तो वडिलांकडून आला. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांचे काही पैसे असे अडकले, की ते सुटले तेव्हा वडील नव्हते. गिरणी बंद पडल्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी कुणावरही विश्वास ठेवला नाही. मीटर बघायला येणाऱ्या माणसावरसुद्धा नाही. त्यांचं एक वाक्य आम्हा भावंडांना पाठ होतं. "ज्यानं न मागता चहा पाजला, त्याच्याकडं सही करायची न्हाय." आम्ही हसायचो.

तर गोष्ट आक्काची. आक्का माझी थोरली बहीण, मोडनिंबजवळ राहते. सरकारी दवाखान्यात आया होती. तीस वर्षं लोकांची बाळंतपणं उरकली, गोळ्यांचे खोके उचलले, आणि निवृत्त झाली तेव्हा तिच्या हातात फंडाचे, ग्रॅच्युइटीचे पैसे आले. दाजी आधीच गेलेले. मुलगा मोडनिंबला हायवेवर टायरचं दुकान चालवतो, आईला नीट सांभाळतो. पण आक्काचं म्हणणं वेगळं होतं.

"त्यो न्हाई म्हणत न्हाय रे. पण मागावं लागतंय की. पोराकडं पन्नास रुपये मागताना आदी त्याचं त्वांड बघावं लागतंय. मला महिन्याच्या महिन्याला माझं माझं व्याज पायजे. बास."

चार लाख रुपये बँकेत ठेवायचे आणि महिन्याला व्याज घ्यायचं. एवढं साधं काम होतं. आक्काचं जुनं खातं सोलापुरात, आमच्या घराजवळच्याच शाखेत. डिसेंबर संपता संपता ती आली आणि मी तिला घेऊन गेलो. चष्मा पुसून ठेवला होता.

बँकेत खिडकीवर रांग होती. आम्ही रांगेत उभे राहिलो तेवढ्यात एक टाय लावलेला तरुण साहेब आला आणि "मावशी, तुम्ही कशाला उभ्या राहताय?" म्हणून आम्हाला काचेच्या खोलीत घेऊन गेला. आत गार हवा. चहा आला. बिस्किटं आली. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मला वडिलांचं वाक्य आठवलं, नाही असं नाही. पण बिस्किटं क्रीमची होती.

"मावशी, एफडीत काय ठेवताय? हे बघा. एफडीसारखंच आहे, उलट एफडीपेक्षा भारी. गॅरंटीड इन्कम, टॅक्स फ्री, मॅच्युरिटीला रक्कम परत, वर बोनस."

आक्कानं एकच विचारलं. "महिन्याला व्याज यील न्हवं?"

"इन्कम येणारच की मावशी! गॅरंटीड आहे."

तो इतका हसून बोलला की 'कधी येणार' हे विचारायचं राहून गेलं. मग त्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. "सर, तुम्ही बघून घ्या. तुम्हाला कळतंच."

'तुम्हाला कळतंच.' माणसाला बुडवायला एवढं पुरतं. मी चष्मा खाली आणला. कागदावर 'प्रीमियम' असा शब्द होता. प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता, हे मला माहीत होतं. मग एफडीसारख्या गोष्टीत हप्ता काय करतोय, अशी शंका मला आली. आयुष्यभर भलत्या ठिकाणी संशय घेतलेल्या माणसाला पहिल्यांदाच योग्य जागी संशय आला होता. पण विचारलं असतं तर मला कळत नाही हे आक्काला कळलं असतं. शिवाय तोंडात बिस्किट होतं.

मी म्हणालो, "हं."

आक्कानं पदर सावरला, पेन नीट धरला आणि एक एक अक्षर मनात म्हणत सात ठिकाणी सही केली. पत्ता माझा दिला, कारण तिच्या वस्तीवर टपाल उशिरा पोचतं.

जानेवारीत जाड लखोटा आला. तो आमच्या घरी आला, आणि इथंच आमच्या घरची एक रीत आडवी आली. आमच्याकडं बंद लखोटा आला की तो फोडत नाहीत. हॉलमधल्या बुद्धमूर्तीशेजारी ठेवतात. ज्याच्या नावाचा असेल तो आला, घरातले सगळे बसले, की मग फोडायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आजोबांच्या काळात वस्तीत वाचता येणारा एकच माणूस होता, तो येईपर्यंत कागद जपून ठेवावा लागे; तेव्हापासूनचं हे. वडिलांचं गिरणीतलं नेमणूकपत्र असंच वाचलं गेलं, माझंही. हल्ली लाइटबिलसुद्धा दोन दिवस मूर्तीशेजारी बसतं.

आक्काला फोन केला तर ती म्हणाली, "तूर मळायची हाय. सवडीनं येते. कागुद काय नासतोय व्हय?"

कागद नासत नाही हे मलाही पटलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, शुक्रवारी, आक्का सकाळच्या एसटीनं आली. आल्या आल्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं आणि घरी येऊन माझ्यापुढं आपटलं.

"व्याज कुटंय?"

मी बघितलं. चार लाख गेल्याची नोंद होती. आल्याची एकही नव्हती.

आता माझा संशय कामाला लागला. तो कामाला लागला की मला फार हुशार वाटतं. मी आवाज खाली आणून विचारलं, "आक्का, तुझा फोन कुणाकडं असतो?"

"पोराकडं. त्योच लावून देतोय."

"हं," मी म्हणालो, आणि तडक भाच्याला फोन लावला. आधी तब्येत विचारली, मग दुकान, मग सहज विचारल्यासारखं विचारलं की आईच्या खात्याला तुझा नंबर जोडलाय का.

पाठीमागं टायरला हवा भरल्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मामा, सरळ इचारा की, पैसे खाल्ले का म्हणून. मी तर तवाच म्हणत हुतो, पोस्टात ठिव. तर आई म्हणली, मामानं बघितलंय, त्यो हं म्हणलाय."

मी फोन ठेवला. आक्का माझ्याकडं बघत होती. तिला निम्मं ऐकू आलं असावं, कारण ती म्हणाली, "माज्या पोरावर आळ घ्यायला तुला मी कागुद दाखवला न्हाय."

माझी बायको दारात उभी राहून हे ऐकत होती. तिच्याबद्दल सांगायला हवं. ती सोलापूरच्याच भवानी पेठेतली. तिथल्या बारा बायकांची भिशी ती चालवते. कुणी विड्या वळते, कुणाच्या घरी माग आहेत. भिशीत निम्मं बोलणं तेलुगूत आणि भांडण मराठीत होतं. दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या हॉलमध्ये पैसे गोळा होतात आणि बोली लागते. ज्या बाईला नड असते ती म्हणते, मला एवढे कमी द्या, पण आता द्या. उरलेले सगळ्या वाटून घेतात. गेली पंधरा वर्षं मला या भिशीचा संशय आहे. यात कायदा काय, पावती कुठाय, उद्या एखादी पळून गेली तर, असं मी चहाचा कप हातात घेऊन दर महिन्याला विचारतो. आजवर एकही बाई पळालेली नाही.

बायको म्हणाली, "वन्सं, लखोटा फोडा आधी. आज तुमी हायसा, हे हायत, मी हाय. झालं की सगळे."

लखोटा खाली आला. वर हळदीचा पिवळा अंगठा उमटला होता. आक्कानं फोडला. आत चकचकीत पुस्तिका. मी चष्मा खाली आणला आणि सवयीनं 'हं' म्हणणार, तेवढ्यात बायको पाटावर बसत म्हणाली, "मी इचारते तेवढंच सांगा. किती भरायचे?"

"चार लाख."

"किती वेळा?"

मी पान उलटलं. पुन्हा उलटलं. तिथं लिहिलं होतं: प्रीमियम भरण्याची मुदत, सात वर्षं. मी ते मनात तीनदा वाचलं.

"अहो, किती वेळा?"

"सात," मी म्हणालो. "दर वर्षी चार लाख. सात वर्षं."

आक्का हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

"उचलायचे कधी?" बायकोनं विचारलं.

"इन्कम सुरू... आठव्या वर्षापासून."

"आणि मधी सोडलं तर हातात काय पडतंय?"

वीस वर्षं मान हलवून नमस्कार केलेला तो 'सरेंडर व्हॅल्यू' समोर उभा होता. त्याच्यापुढं एक तक्ता होता. पहिल्या वर्षाच्या रकान्यात शून्य.

हा विमा होता. एफडी नव्हतीच. हे सगळं त्या काचेच्या खोलीतल्या कागदावरही होतं, फक्त कुणी हे चार प्रश्न विचारले नव्हते. बायकोच्या भिशीत नवी बाई आली की हे चारही प्रश्न विचारल्याशिवाय पहिला हप्ता देत नाही.

आक्का आता हसत नव्हती. तिनं पुस्तिकेवर हात ठेवला. "म्हंजी माजं पैसं गेलं?"

तिनं हे ज्या आवाजात विचारलं तो आवाज मी वडिलांचा ऐकलेला होता. मी पुस्तिका पुढून मागं, मागून पुढं वाचायला लागलो. पहिल्यांदाच खरोखर वाचत होतो. आणि एका पानावर बारीक अक्षरात सापडलं: फ्री लुक. कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत नापसंत असेल तर परत करता येतो, किरकोळ रक्कम कापून पैसे परत.

"लखोटा आला कधी?" मी विचारलं.

बायकोनं तो हळदीचा अंगठा बघितला. "भिशीच्या दिवशी. पोह्याला फोडणी देत होते, तशाच हातानं सही केली. दहा तारीख."

आम्ही तिघांनी बोटं मोजली. दहा जानेवारीपासून तीस दिवस म्हणजे नऊ फेब्रुवारी. आज सात, शुक्रवार. उद्या दुसरा शनिवार, बँक बंद. परवा रविवार. घड्याळात अडीच वाजले होते.

अर्ज लिहिणं हे एकच काम मला येतं. दहा मिनिटांत मी दोन प्रती लिहिल्या. बायकोनं लखोट्याचा फोटो काढला. आम्ही रिक्षात बसलो. आक्का वाटेत एकच बोलली. "तूर आठ दिवस थांबली असती की."

बँकेत तो टायवाला साहेब नव्हता. रजेवर, असं कळलं. माझा संशय परत उसळला, रजा कसली, पळाला असेल. पण दुसऱ्या टेबलावरची बाई अगदी गोड बोलली. "काही काळजी करू नका काका. सर सोमवारी येतील, त्यांच्याकडंच द्या. एकाच दिवसाचा प्रश्न आहे. सोमवारी या ना."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बँकेच्या शब्दांत मी आंधळा होतो, पण 'सोमवारी या' हे वाक्य मी ओळखत होतो. सत्तावीस वर्षं मी ते स्वतः बोलत आलोय. शुक्रवारी दुपारी, अगदी ह्याच गोडीनं. त्याचा अर्थ मला जितका ठाऊक आहे तितका सोलापुरात क्वचितच कुणाला असेल.

"सरांचं काम नाही," मी म्हणालो. "आवक टेबल कुठाय? अर्ज घ्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही द्या. मंजूर करा म्हणत नाही, मिळाला एवढंच लिहा."

"काका, तुम्ही बसा तरी. चहा सांगते."

"च्या नको," आक्का पहिल्यांदा बोलली. "शिक्का दे."

ती समोरच्या खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर घेतली. दवाखान्यात डॉक्टर येईपर्यंत बाळंतिणीजवळ बसावं, तशी. ती आता उठणार नव्हती, हे त्या बाईलाही कळलं. फोन झाले. आतून एक जण येऊन आमच्याकडं बघून गेला. चार वाजले. शटर निम्मं खाली आलं. सव्वाचारला आमच्या प्रतीवर धप्पकन शिक्का बसला, खाली सही झाली.

मी ती प्रत घेतली. इतक्या वेळात पहिल्यांदा माझी छाती फुगली. घडी घालत म्हणालो, "हं. झालं काम."

"आण हिकडं," आक्का म्हणाली.

तिनं कागद उजेडाकडं धरला. तिला इंग्रजी येत नाही. पण तीस वर्षं औषधाच्या खोक्यांवरच्या तारखा बघून गोळ्या वेगळ्या काढलेल्या. आकडा तिच्या नजरेतून सुटत नाही.

"ह्यावर धा हाय," ती म्हणाली. "आज सात."

चार वाजून गेले होते, म्हणून शिक्क्याची तारीख पुढच्या कामाच्या दिवसावर फिरवलेली होती. सोमवार, दहा फेब्रुवारी. एकतिसावा दिवस. आमच्या कचेरीत आम्हीही चारनंतर तसंच करतो. मी स्वतः करतो. आणि मी ते वाचलं नव्हतं.

मुद्दाम केलं की सवयीनं झालं, देव जाणे. मला अजूनही त्या शिक्क्याचा संशय आहे. त्या बाईनं "अय्या, सॉरी" म्हणून पेननं तारीख खोडायला घेतली.

"खाडाखोड न्हाय चालत," आक्का म्हणाली. "आमच्यात तारीख खोडलेली गोळी फेकून द्येतेत. नवा मार."

माझ्या खिशात तिसरी प्रत नव्हती. तिथंच उभ्यानं लिहिली. शिक्क्याची चाकं मागं फिरली, सात वर आली. या वेळी आधी आक्कानं वाचलं, मग बायकोनं, मग मी.

पैसे यायला तीन आठवडे लागले. त्या काळात आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मी दोनदा भाच्याची माफी मागायला फोन लावला आणि दोन्ही वेळा टायरचे भाव विचारून ठेवला. तिसऱ्या वेळी तोच म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या. गाडीचं टायर बदलायचं असंल तर या." चार लाखांतून मुद्रांकाचे आणि मधल्या दिवसांच्या विम्याचे मिळून थोडे हजार कापून बाकीचे खात्यात जमा झाले. कापलेले पैसे मी आक्काला देऊ केले. तिनं घेतले. 'नको नको' म्हणाली नाही, यावरून ती किती घाबरली होती हे मला कळलं.

मग ते पैसे पोस्टाच्या महिन्याला व्याज देणाऱ्या खात्यात गेले. खिडकीवर आक्का उभी होती, मी मागं. तिनं किती, किती वेळा, कधी आणि मधी काढलं तर, हे चारही विचारलं. खिडकीतल्या माणसानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

आता कुणी कागद घेऊन आलं की मी चष्मा खाली आणतो, पण तोंड उघडायच्या आत बायको आतून ओरडते, "वाचा मोठ्यानं!" मग मी वाचतो. जो शब्द कळत नाही तिथं थांबतो आणि कळत नाही म्हणतो. नातेवाइकांची येजा बरीच कमी झाली आहे.

पहिलं व्याज आलं त्या दिवशी आक्का मोडनिंबहून आली. येताना तुरीची डाळ आणि स्टँडवरची भजी आणली. स्वतः शेगडीपुढं उभी राहिली आणि माझ्यापुढं आल्याचा चहा ठेवला. मी मागितला नव्हता.

मी कप उचलला. मग तिच्याकडं बघितलं. तिच्या पिशवीतून एका कागदाचं टोक बाहेर डोकावत होतं.

"आक्का," मी विचारलं, "सही कुठं करायची?"

"आदी पी," ती म्हणाली. "मग सांगते."

मी कप खाली ठेवला.